छापण्याआधीचे वाचक

भोरला एसटी स्टँडवरून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. पाटी उतरवायचं अधूनमधून मनात येतं, आणि तेवढ्यात कुणीतरी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवतं. दुपारी हा रस्ता झोपतो. समोरच्या शिंप्याचं मशीन मधेच चालतं, मधेच थांबतं. त्या लयीत मी कितीतरी लोकांची आयुष्यं टाइप केली. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, श्रद्धांजलीची पत्रकं यांवर घर चाललं, पण जीव रमला तो पुस्तकांत.

माझ्याकडे येणारे लेखक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे. मोठ्या प्रकाशकाकडे जायचा त्यांना संकोच वाटतो, नाहीतर ते जाऊन निराश होऊन आलेले असतात. मी मजकूर जुळवते, मुद्रितं तपासते, मुखपृष्ठ करते आणि छपाईला पुण्याला पाठवते. पुस्तकं टेम्पोतून येतात. लेखक पहिली प्रत नाकाला लावून वास घेतो. मग प्रकाशन होतं, पेढे वाटले जातात, आणि उरलेले गठ्ठे कुणाच्या तरी कॉटखाली जातात. त्या गठ्ठ्यांचं मला वाईट वाटतं. एखादं पुस्तक कुणीच न उघडता म्हातारं होतं, आणि त्यातल्या एकेका ओळीसाठी मी लेखकाशी वाद घातलेला असतो.

अलीकडे यातला प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. "ताई, ती छापण्याआधी वाचायला द्यायची सोय असते ना, पैसे भरून? ती घ्यावी का?"

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. पुस्तक बाजारात येण्याआधी त्याच्या काही प्रती वाचकांना फुकट पाठवायच्या. त्यांनी वाचून अभिप्राय लिहायचा आणि पाचपैकी जितक्या वाटतील तितक्या चांदण्या द्यायच्या. म्हणजे पुस्तक विक्रीला येतं तेव्हा त्याच्याखाली चार शब्द आधीच असतात, दुकान रिकामं दिसत नाही. नावाजलेल्या लेखकाचं हे काम त्याचा प्रकाशक करतो. आमच्या लेखकाला असे वाचक कुठून मिळणार? म्हणून शहरात काही मंडळींनी याचीच सेवा काढली आहे. लेखकाने पैसे भरायचे, त्यांनी आपल्याकडच्या वाचकांना मजकूर पाठवायचा.

सारोळ्याला पुलाजवळ हॉटेल चालवणारे बबनराव हे माझे असे पहिले गिऱ्हाईक. कवितांचं पुस्तक काढलं, सेवा घेतली आणि अभिप्रायांची माळ लागली. सगळे गोड. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'एका बैठकीत संपवलं'. बबनरावांनी ते मोठ्या अक्षरांत माझ्याकडूनच छापून घेतले आणि गल्ल्यामागे फ्रेम करून लावले. हायवेवरची माणसं मिसळ खाता खाता ते वाचतात.

"पैसे वसूल झाले का?" मी एकदा विचारलं.

"झालं की, ताई. पुस्तक कुनी वाचत न्हाई, पर अभिप्राय समदे वाचत्यात."

त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. तेव्हापासून या सेवेला मी सरसकट नावं ठेवत नाही. पण माझं मत बनलं ते किसनतात्यांच्या पुस्तकामुळे, आणि तेही एका दिशेने बनलं असं म्हणता येत नाही.

किसनतात्या मार्गासनीचे. वीजखात्यात वायरमन होते. सगळी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात गेली. तिथं पावसाळ्यात झाड तारेवर पडतं, वाड्या अंधारात जातात, आणि वायरमन दिसला की जो तो त्याच्यावर तोंडसुख घेतो. एकदा एक म्हातारा ओट्यावर बसून तात्यांना असाच बोलत होता. थांबेचना. तात्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी मधेच विचारलं, "बाबा, रातच्याला सपान काय पडलं?"

म्हातारा गप्प झाला. मग हळू आवाजात सांगू लागला. गडाच्या पायऱ्या भाकरीच्या झाल्या होत्या आणि तो एकेक मोडून खात वर चढत होता; वर पोचला तेव्हा उतरायला पायरीच उरली नव्हती. सांगता सांगता तो हसला आणि तात्यांना चहा मिळाला.

तेव्हापासून तात्या जिथं जातील तिथं स्वप्न विचारू लागले. लोकही सांगू लागले. शेजाऱ्याला न सांगितलेलं, नवऱ्याला न सांगितलेलं वायरमनला सांगितलं जायचं, कारण तो खांबावर चढायचा, दिवा लावायचा आणि निघून जायचा. निवृत्त झाल्यावर ही स्वप्नं आपल्याबरोबर जातील असं त्यांना वाटायला लागलं. म्हणून ते माझ्याकडे आले.

"माझं अक्षर मलाच लागत न्हाई," ते म्हणाले. "म्या सांगतो, तुमी टाईप करा."

तो सबंध पावसाळा मला आता आठवतो तो पाण्यातून पाहिल्यासारखा. तात्या डोळे मिटून खुर्चीत बसायचे. बाहेर नदी भरलेली, काचेवर वाफ, शिंप्याचं मशीन थांबलेलं. आणि तात्या सांगत असायचे. एका गिरणीवाल्याला स्वप्न पडलं की लोक डबे भरभरून धुकं दळायला आणतायत. तो दळतोय, पीठ पडतंय, पण कुणाचं कुठलं ते त्याला ओळखू येत नाही. एका धनगराच्या स्वप्नात त्याची मेंढरं शाळेत बाकावर बसली होती आणि तो एकटा बाहेर, खिडकीतून बघत. एका बाईच्या स्वयंपाकघरात मुक्कामाची एसटी येऊन उभी राहिली, आणि एवढ्या माणसांना चहा पुरेल का या काळजीने ती जागी झाली. मी टाइप करायची, आणि संध्याकाळी शटर ओढताना मला भोरचा रस्ताही जरा सैल वाटायचा, कुठेही वळेल असा.

पुस्तक जुळून झालं आणि तात्यांची मुलगी मनीषा पुण्याहून आली. कंपनीत नोकरी, बोलणं नीटनेटकं, वडिलांचा फार अभिमान. "तात्यांचं पुस्तक कॉटखाली जाऊ द्यायचं नाही," ती म्हणाली. त्या सेवेची माहिती तिनेच काढली होती. पैसेही तीच भरणार होती.

तात्यांनी मला विचारलं, "ताई, पैसं देऊन वाचायला लावायचं, ह्ये बरं दिसतं का?"

"पैसे वाचणाऱ्याला मिळत नाहीत, तात्या. पोचवणाऱ्याला मिळतात," मी म्हटलं. ते मनीषाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मग हो म्हणाले. लेकीची हौस त्यांना मोडवली नसती.

दिवाळीनंतर अभिप्राय यायला लागले. मनीषा मोबाईलवर पाठवायची, मी तात्यांना वाचून दाखवायची. सगळे पोकळ नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. एका बाईंनी धनगराच्या स्वप्नाबद्दल इतकं आतून लिहिलं होतं की मी ते दोनदा वाचलं. पण बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिली होती, 'लेखकाच्या कल्पनाशक्तीला सलाम.'

तात्या अस्वस्थ झाले. "म्या कुठं कल्पना केली? ही मानसं हायेत की हितं. चालून दावतो."

मग मिरजेच्या एका वाचकाचा अभिप्राय आला. त्या सेवेतल्या बाईंनी तो जाहीर न करता आधी मनीषाला विचारलं, कारण त्याने दोनच चांदण्या दिल्या होत्या. त्याने लिहिलं होतं, 'स्वप्नं सुंदर आहेत. पण एकामागून एक स्वप्नं वाचताना मला झोप लागली. ही माणसं जागेपणी कोण आहेत, काय करतात, कुणाशी भांडतात, हे लेखक सांगतच नाही. जागेपण माहीत नसेल तर स्वप्नाचं मोल कळणार कसं?'

"हा ठेवायचा नाही," मनीषा फोनवर म्हणाली. "आपण कशाला ठेवायचा? पैसे आपण भरलेत."

तात्यांनी माझ्या हातून फोन घेतला. "मने, ठेव त्यो. ह्या एकट्यानंच वाचलंय."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा माझ्या खुर्चीत येऊन बसले. आम्ही पुस्तक उघडलं आणि प्रत्येक स्वप्नाआधी चार ओळी घालायला लागलो. गिरणीवाल्याला दम्याचा त्रास होता. गडाच्या पायऱ्या खाणाऱ्या म्हाताऱ्याने उमेदीची वर्षं मुंबईला एका खानावळीत दुसऱ्यांच्या भाकऱ्या भाजण्यात घालवली होती. पुस्तक जड झालं, खाली टेकलं. मला वाटलं, आता हे खरं पुस्तक झालं.

पण एक अडचण उभी राहिली. आधीच्या मजकुरात कुणी ओळखू येत नव्हतं. आता सगळेच ओळखू येत होते. तात्यांनी ठरवलं की छापायच्या आधी ज्याचं स्वप्न त्याला वाचून दाखवायचं. काही प्रती मी साध्या कागदावर काढून शिवून दिल्या, आणि ते मोटरसायकलवरून वाड्यावाड्यांत हिंडायला लागले. लोक ऐकायचे, हसायचे, एखादा शब्द बदलायला सांगायचे. गिरणीवाल्याने दमा काढून टाकायला लावला. मुलीचं लग्न जमवायचं होतं.

एकच घर तात्या टाळत होते. हौसाबाईंचं.

हौसाबाई आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, मार्गासनीच्या वरच्या अंगाला एका वाडीवर राहतात. त्यांची मुलगी सुमन आपल्या मनाने लग्न करून पुण्याला गेली. त्या दिवसापासून आबांनी घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही. पुढे कधीतरी तात्या तिथं फ्यूज बसवायला गेले असताना, आबा शेतावर असताना, हौसाबाईंनी आपलं स्वप्न सांगितलं होतं. पहिल्या मजकुरात ते नुसतं 'एका आईचं स्वप्न' होतं.

"काढून टाकू का?" तात्यांनी मला विचारलं.

"ते त्यांना विचारायला हवं," मी म्हटलं. "आपल्याला नाही."

एका रविवारी आम्ही गेलो. मनीषा पुण्याहून गाडी घेऊन आली होती, मीही बरोबर निघाले. नसरापूर मागे पडलं आणि धुक्यात शिरलो. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या गंजी धुक्यात तरंगत होत्या, आणि गुंजवणी नदीच्या बाजूला सगळा नुसता पांढरा उजेड होता. गड दिसत नव्हते. ते आहेत हे माहीत असतं म्हणून माणूस तिकडे बघतो.

घरी दोघंही होती. आबा ओट्यावर बसून कासरा वळत होते. तात्यांना वाटलं होतं ते शेतावर असतील. परत फिरावं तरी कसं? हौसाबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला, आणि येण्याचं कारण विचारलं. तात्या चाचरले.

"तुमच्या सपनाचं हाय," ते म्हणाले.

हौसाबाईंनी एकदा आबांकडे पाहिलं. मग पदर नीट केला आणि म्हणाल्या, "वाचा."

तात्यांनी प्रत मला दिली. मी वाचलं.

खाचरात पाणी भरलंय. सुमी एकटीच लावणी करतेय. आई बांधावरून हाका मारतेय, पण तोंडातून आवाजच फुटत नाही. सुमी पुढे पुढे रोपं लावत चाललीय, आणि तिच्या मागे, तिने आत्ता लावलेलं भात पिवळं होऊन डुलायला लागलंय. आईला वाटतं, हे कापायला तरी ती मागे वळेल.

वाचून झालं. कासरा वळणारे हात थांबले होते. आत चहा उतू गेला आणि हौसाबाई उठल्या नाहीत.

"नाव बदलतो म्या," तात्या म्हणाले. "न्हाईतर पानच काढतो. तुमी म्हनाल तसं."

"काय बी काढू नगा," हौसाबाई म्हणाल्या. "सुमी न्हाई, सुमन लिवा. पुरं नाव लिवा. ह्या घरात तिचं नाव घ्याचं न्हाई असं ठरलंय. कागदावर घ्याचं न्हाई असं कुनी ठरवलंय?"

आबा उठले. कासरा खुंटीला अडकवला आणि गोठ्याकडे गेले. आम्ही चहा कसाबसा घेतला. तात्यांचा चेहरा पडला होता. एका घरात आपण विस्तव टाकला असं त्यांना वाटत होतं. हौसाबाई मात्र मला प्रत मागत होत्या. वाचता येत नव्हतं, तरी हवी होती. मी दिली. त्यांनी ते पान कुठलं ते विचारून घेतलं आणि तिथे चुलीजवळची एक काडी घालून ठेवली.

गाडीत बसताना आबा गोठ्याच्या कोपऱ्यावरून पुढे आले. मनीषाच्या खिडकीशी उभे राहिले.

"ह्ये पुस्तक पुन्याला बी जातं का?"

"जातं, आबा."

"समद्यास्नी?"

"ज्यांना पाठवू त्यांना."

ते डोंगराच्या दिशेने बघत राहिले. धुकं अजून उठलं नव्हतं. "मग पाठवा की," ते म्हणाले, आणि वळून गेले.

गाडी उतार उतरून खाली आली. मग मनीषा म्हणाली, "माझ्याकडे सुमनचा नंबर आहे. आम्ही एका वर्गात होतो. मधूनमधून बोलतो."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. "आन् मला कदी बोलली न्हाईस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही सगळ्यांना स्वप्नंच विचारता."

सुमनला प्रत गेली आणि काहीच उत्तर आलं नाही. मी छपाई थांबवली. त्या सेवेतल्या बाईंचे फोन येत होते. पुस्तक ठरल्या वेळी आलं नाही तर अभिप्रायांचा उपयोग होत नाही, वाचक विसरतात, असं त्या सांगत होत्या. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या व्यवसायात ताजेपणाला किंमत आहे. मनीषा काळजीत पडली. पण आता तिनेही घाई केली नाही.

एका दुपारी दुकानातला फोन वाजला. बाईचा आवाज, अगदी कोरडा. "शैलाताई का? मी सुमन. एक दुरुस्ती आहे."

मी पेन घेतलं. "सांगा."

"तुम्ही नुसतं खाचर लिहिलंय. आमच्या त्या खाचराला डोहाचं खाचर म्हणतात. लावणी तिथंच असायची माझ्याकडे."

"करते," मी म्हटलं.

फोन कट झाला नव्हता. समोर शिंपी कापड पसरून खडूने रेघा मारत होता. मग ती म्हणाली, "आईकडे प्रत आहे असं मनीषा म्हणाली. ती ते पान कुणाकडून वाचून घेते?"

"ते मला ठाऊक नाही."

"रविवारी मी येते म्हणते. पण एकटीला पाऊल उचलत नाही. तुम्ही याल बरोबर?"

"मनीषा येईल की."

"मनीषा ओळखीची आहे," सुमन म्हणाली. "ओळखीच्या माणसासमोर मला रडायचं नाही."

मला आजही लेखक तो प्रश्न विचारतात, आणि मी आता त्यांना उलट विचारते की तुम्हाला वाचक कशासाठी हवाय. हॉटेलात फ्रेम लावायला हवा असेल तर खुशाल पैसे भरा, त्यातही आनंद आहे. पण पुस्तक अजून बदलता येतंय तोवर कुणी त्यातलं उणं दाखवावं असं वाटत असेल, तर पैसे भरताना मनाशी ठरवा की दोन चांदण्यांचा माणूस झाकायचा नाही. मिरजेच्या त्या गृहस्थांनी आम्हाला फुकट जे दिलं ते सगळ्या गोड अभिप्रायांनी मिळून दिलं नाही. आणि ते आमच्यापर्यंत पोचले ते त्या पैसे भरलेल्या सेवेमुळेच, हेही मी लपवत नाही. मात्र काही वाचक कुठल्याच यादीत नसतात. त्यांच्यापर्यंत पुस्तक स्वतः न्यावं लागतं, आणि ते बोलेपर्यंत छपाई थांबवावी लागते. एवढं सांगितलं की बरेच जण म्हणतात, ताई, तुम्ही हो किंवा नाही ते सांगा. मी चहा मागवते.

रविवारी मी नसरापूरच्या चौकात उभी राहिले. पुण्याकडून येणाऱ्या वेल्ह्याच्या एसटीत सुमन खिडकीशी बसली होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण हनुवटी हौसाबाईंची होती. मी शेजारी जाऊन बसले. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात नवीन लुगडं आणि मिठाईचा पुडा. ऊन कोवळं होतं, बाहेर मोकळी खाचरं मागे मागे सरकत होती, आणि मला वाटत होतं की मी अजून टाइपच करते आहे, हा रस्ता, ही बाई, हे सगळं तात्या डोळे मिटून सांगतायत.

तात्यांनी वाडीवर जाऊन हौसाबाईंना आधीच कळवलं होतं. त्या वेळी आबा गोठ्यात होते; त्यांनी ऐकलं की नाही हे तात्यांना कळलं नव्हतं.

मार्गासनीला गाडी थांबली. आधी मी उतरले. स्टॉपवरच्या दुकानाशेजारी आबा उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. सुमन पायरीवरच थांबली. कंडक्टर "चला, चला" म्हणाला, मग त्या दोघांकडे बघून दोरी ओढायचा थांबला. ती खाली उतरली. गाडी धूळ उडवत वेल्ह्याकडे गेली.

दोघांमध्ये थोडं अंतर होतं. आबांनी घसा साफ केला.

"डाळ न्याया आलतो," ते म्हणाले.

त्यांच्या हातात पिशवी नव्हती. दुकानही बंद होतं. सुमनने आपली पिशवी पुढे केली, आणि त्यांनी ती तिच्या हातून घेतली.